वाचक विचारतात : पाच मुलांचा वर्ग आणि शंभर टक्के निकाल

या महिन्यातली बहुतेक पत्रं जिल्हा परिषदेच्या लहान शाळांबद्दल आहेत. पहिली ते चौथीचे वर्ग, विसाच्या आगेमागे पट आणि दोन शिक्षक, असं साधारण चित्र. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

आमच्या वाडीच्या शाळेत १९ मुलं आहेत. गेल्या वर्षी चौथीतल्या पाचही मुलांना ब-१ (७१ ते ८० टक्के) किंवा त्याच्या वरची श्रेणी होती, यंदा पाचांतल्या तिघांनाच आहे. ग्रामसभेत एकजण म्हणाले, "शाळा शंभरावरून साठावर आली." शिक्षक तेच आहेत. मग नेमकं काय बिघडलं?
— एक पालक, जुन्नर तालुका

बहुधा काहीच बिघडलेलं नाही. पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे वीस टक्के. दोन मुलं मागे पडली की चाळीस टक्के गेले. साठ मुलांच्या वर्गात तीच दोन मुलं जेमतेम तीन टक्क्यांची ठरली असती आणि ग्रामसभेत कुणी उठलंही नसतं. म्हणून दहाच्या आतल्या वर्गासाठी टक्केवारी काढूच नये. 'पाचांपैकी तीन' असं लिहावं. ऐकणाऱ्याला मग आपोआप पुढचा प्रश्न सुचतो की उरलेले दोन कोण, आणि कामाचा प्रश्न तोच आहे.

सरासरीचाही असाच घोळ होतो. सहा मुलांचे गुण ८२, ७८, ७४, ७०, ६६ आणि २० असतील तर सरासरी ६५ येते. वीस गुणांचं मूल बाजूला ठेवलं तर ७४. एकाच वर्गाबद्दल दोन आकडे, आणि दोन्ही फसवे. गुण उतरत्या क्रमाने लावून मधले दोन घेतले तर ७४ आणि ७०, म्हणजे मध्य ७२. वर्गातलं नेहमीचं मूल कुठे आहे ते यातून कळतं. वीस गुणांच्या मुलाची नोंद मात्र वेगळीच लागते. त्याला चष्मा लागला आहे का, ते चार महिने गावात होतं का, घरात मराठी बोलतात का, हे सरासरीत शोधून सापडणार नाही.

वर्षावर्षांची तुलना करायचीच असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, तीन वर्षं एकत्र करायची. चौथीत आधी सहांपैकी चार, मग पाचांपैकी पाच, यंदा पाचांपैकी तीन असा क्रम असेल तर सोळांपैकी बारा झाले. शाळा कुठे उभी आहे ते हा आकडा सांगतो, आणि एका वर्षाच्या धक्क्याने तो फारसा हलत नाही. दुसरा रस्ता, आमच्या मते जास्त चांगला, म्हणजे तीच मुलं पुढच्या वर्षी पाहायची. यंदाची चौथी गेल्या वर्षी तिसरीत होती, त्या वेळी ही दोन मुलं कुठे होती? तिसरीतच ती क-२ वर असतील आणि आता त्याच्या वरच्या क-१ वर असतील तर शाळेने त्यांना वर ओढलं आहे. निकालपत्रकात ते घसरण म्हणून दिसतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट, जी ग्रामसभेत सहसा कुणी बोलत नाही. २०१० पासून सुरू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा भार ६० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीचा ४० टक्के असतो. पहिली-दुसरीला तोच ७० आणि ३० आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण वर्गातल्या निरीक्षणावर, तोंडी कामावर, उपक्रमांवर शिक्षकच देतात. पद्धत चुकीची नाही, लहान मुलांसाठी ती बरीचशी योग्यच आहे. पण अशी श्रेणी एका शाळेच्या आत मुलाची प्रगती दाखवते, दोन शाळांची तुलना करायला ती निरुपयोगी आहे. एका गावचा ब-१ आणि शेजारच्या गावचा ब-१ एकाच मापाने मोजलेले नसतात. राज्यभर एकच प्रश्नपत्रिका हवी असेल तर नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण पाहा. तिच्यातली सुरुवातीची पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. त्यामुळे चौथीच्या पायाभूत चाचणीत मूल अडलं तर त्याचं उत्तर तिसरीत शोधायचं असतं.

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. मुलांना खरोखर वाचता येतं का, गणित येतं का, हे समितीला स्वतः पाहायचं आहे. आम्ही कुणी शिक्षक नाही. एका दुपारीत होईल असं काही सांगा. शिक्षकांना राग येऊ नये, हेही आहे.
— अहिल्यानगर जिल्हा

होईल. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं हे समितीचंच काम ठरवलं आहे, तेव्हा संकोच नको. फक्त आधीच्या बैठकीत विषय घ्या, इतिवृत्तात लिहा, आणि शिक्षकांना सांगा की तपासणी मुलांच्या वाचनाची आहे, नोकरीची नाही. शिक्षक हजर असू द्या, पण स्वतःच्या वर्गाची मुलं त्यांनी तपासायची नाहीत.

साहित्य थोडं लागतं. मोठ्या अक्षरात छापलेले चार कागद: एकावर दहा-बारा सुटी अक्षरं, दुसऱ्यावर दहा सोपे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातही पातळ्या साधारण याच आहेत. उतारा चालू पाठ्यपुस्तकातला मुळीच घेऊ नका. मुलांना धडे पाठ असतात, आणि पाठ म्हणणारं मूल वाचणाऱ्यापेक्षाही झरझर 'वाचतं'. शंका आली तर गोष्टीतलं मधलंच एखादं वाक्य बोट ठेवून वाचायला सांगा. पाठ असेल तर मूल पहिल्या ओळीपासून सुरू करतं.

एका मुलाला सहा-सात मिनिटं धरा. दोघांनी मिळून १९ मुलं सव्वा तासात होतात, पण प्रत्यक्षात दोन तास लागतील, कारण पहिलीतली मुलं लाजतात. जागा व्हरांड्याचा कोपरा, बाकीची मुलं ऐकणार नाहीत एवढी लांब. चावडी वाचनाला आमचा विरोध नाही, पण तो सोहळा आहे, मोजमाप नाही. तिथे पुढे येतात ती तयारीची मुलं, आणि अडखळणाऱ्याच्या वाट्याला सगळ्या गावाचे डोळे येतात.

सुरुवात तिसऱ्या कागदापासून करा. मुलाने चार वाक्यं फार न अडखळता वाचली तर चौथा द्या, नाही जमलं तर दुसरा, मग पहिला. जिथे मूल स्थिरावेल ती त्याची पातळी. चौथा कागद वाचणाऱ्यांसाठी घड्याळ लावा: एका मिनिटात वाचलेले शब्द वजा चुकलेले शब्द. ५२ वाचले, ६ चुकले, तर ४६. केंद्राच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. मात्र हा आकडा मराठीला जरा जपून लावा. हिंदीत 'घर से' हे दोन शब्द होतात, आपण 'घरातून' एकाच शब्दात लिहितो. 'शाळेतल्यांनासुद्धा' हा मोजायला एकच शब्द! त्यामुळे ४० शब्दांवरचं, अर्थ सांगू शकणारं दुसरीतलं मूल कच्चं म्हणायचं कारण नाही. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा आणि त्यातल्या एकाचं उत्तर गोष्टीत सरळ लिहिलेलं नसू द्या. सत्तर शब्दांच्या वेगाने वाचून एकाही प्रश्नाचं उत्तर न देणारी मुलं भेटतील. त्यांचा वेग पाहून खूश होऊ नका.

चुका कुठे होतात तेही लिहा, कारण शिक्षकांच्या उपयोगाचं तेच आहे. जोडाक्षरं हा मोठा अडथळा असतो, त्यातही रफार आणि रकार: 'सूर्य', 'चंद्र', 'पऱ्या'. त्याखालोखाल 'भ-म', 'घ-ध', 'ख' आणि 'रव' यांचा गोंधळ. एखादं मूल प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर बरोबर वाचून पुढे अंदाज ठोकत असेल तर त्याला स्वरचिन्हं पक्की झालेली नाहीत.

गणिताला चार गोष्टी पुरतात. ऐकून संख्या लिहिणं, संख्या वाचणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकांना एका अंकाने भागणं. ऐकून लिहिण्यात 'एकोणसाठ' हमखास द्या. बरीच मुलं ६९ लिहितात, कारण कानाला 'साठ' ऐकू येतं. 'त्रेचाळीस'ला ३४ लिहिलं तर ते मूल ऐकू आलं त्या क्रमाने लिहीत आहे, आधी तीन, मग चाळीसचा चार. मराठी संख्यानामांचा हा जाच जुना आहे. तो गणित न येण्याचा पुरावा नाही.

वजाबाकी निवडताना एक बारकावा. बहुतेकजण ६३ − २८ असं काहीतरी देतात. मुलाने ४५ लिहिलं की चूक झाली हे कळतं, पण कोणती ते कळत नाही. लहान अंक मोठ्यातून वजा केला (८ − ३) तरी ४५ येतात, आणि दशक घेऊन १३ − ८ बरोबर केलं पण दशकांत एक कमी करायचा राहिला तरी ४५च येतात. त्याऐवजी ६४ − २८ द्या. बरोबर उत्तर ३६. मुलाने ४४ लिहिलं तर त्याला हातच्याची कल्पनाच नाही, त्याच्या हाती काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतील. ४६ लिहिलं तर कल्पना आहे, फक्त एक पायरी सुटते, आणि ते आठवड्याभरात सुधारतं. भागाकाराला ८१६ ÷ ४ द्या. २०४ ऐवजी २४ लिहिणारी मुलं शून्य गिळतात. पण हा भागाकार चौथीलाच, आणि तिसरीतल्या ज्या मुलांची वजाबाकी बरोबर आली त्यांनाच विचारा.

शेवटी एका कागदावर मुलांची नावं आणि चार रकाने: वाचनाची पातळी, मिनिटाचे शब्द, गणित, चुकीचा प्रकार. हा कागद शाळेच्या फलकावर लावू नका, समितीतलं कुणी त्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणार नाही याचीही काळजी घ्या. दोन महिन्यांनी नवे उतारे घेऊन हेच पुन्हा करा. एकाच तपासणीच्या कागदावरून शाळेबद्दल मत बनवता येत नाही.

यू-डायसवर शाळेचं रिपोर्ट कार्ड मिळतं म्हणतात. त्यात काय पाहावं?
— वाचक, सांगली

यू-डायस म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. त्यातला आपल्या शाळेचा अकरा अंकी क्रमांक घ्या. तो बहुतेक शाळांच्या फलकावर रंगवलेला असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. 'नो युवर स्कूल' या पानावर क्रमांक टाकला की खोल्या, स्वच्छतागृहं, शिक्षक, इयत्तावार मुलं-मुली अशी माहिती दिसते. मुलं किती शिकली हे त्यात नसतं. ते कार्ड त्यासाठी नाहीच.

पाहायचं ते, शाळेत कोणकोणती मुलं आहेत. पण तिथेही तीन गोष्टी जपून वाचा. सामाजिक प्रवर्ग तिथे सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास एवढेच आहेत. आपल्याकडचे विमुक्त-भटके त्यात वेगळे दिसत नाहीत. बंजारा तांड्यावरच्या किंवा धनगरवाड्यावरच्या शाळेचं कार्ड पाहून तिथे कोण शिकतं याचा पत्ता लागणार नाही. त्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) पाहावं लागतं. दुसरं, मातृभाषेचा रकाना विद्यार्थ्यांच्या माहितीत असतो, पण तिथे बऱ्याचदा सरसकट मराठी भरलेली असते. आणि तिसरं, पट म्हणजे उपस्थिती नव्हे. पटावर १९ आणि वर्गात १२ हे चित्र कार्डावर उमटत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली ती याच फरकामुळे. आता नोंद विद्यार्थिनिहाय असल्याने नुसती नावं फुगवणं अवघड झालं आहे, तरी रोजची हजेरी पाहायची तर हजेरीपटच उघडावा लागतो. पोषण आहाराच्या नोंदवहीशी ती ताडून पाहिली की अंदाज पक्का होतो.

शिक्षक-विद्यार्थी प्रमाणावर तर मुळीच भुलू नका. १९ मुलांना दोन शिक्षक म्हणजे साडेनऊला एक, असं कागदावर दिसतं. मोठ्या शहरी शाळेलाही हेवा वाटावा! पण प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता आहेत. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे दिवसाला चार तास. दोन इयत्तांत वाटले तर प्रत्येकीला शिक्षकाचे थेट दोन तास मिळतात. एक शिक्षक प्रशिक्षणाला, केंद्राच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चार इयत्ता, प्रत्येकीला एक तास. तेव्हा रिपोर्ट कार्डापेक्षा विचारायचा प्रश्न असा: गेल्या महिन्यात किती दिवस शाळेत एकच शिक्षक होते?

पारख सर्वेक्षणात आमच्या जिल्ह्याचे आकडे आले. त्यात आमच्या शाळेचा निकाल कुठे मिळेल?
— वाचक, हिंगोली

कुठेच नाही. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं केंद्राचं ते सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या नमुना शाळांत झालं, आणि त्याचा अहवाल राज्य-जिल्ह्यापुरता असतो. आपली शाळा नमुन्यात होती असं गृहीत धरलं तरी तिचा वेगळा निकाल त्यातून निघत नाही. 'असर' तर शाळेत होतच नाही. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, आणि मूल कुठल्याही शाळेत जात असो, त्याला घरीच तपासतात. जिल्ह्याचा आकडा आपल्या शाळेच्या माथी मारणारे बोर्ड कुणी लावले तर काढायला सांगा.

मी द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरीत सात मुलं. तीन मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, ती दिवाळीनंतर जातात आणि पाडव्याच्या आसपास येतात. निकाल मात्र सातांचा लागतो आणि केंद्रप्रमुख कारण विचारतात. या मुलांना वगळून निकाल दाखवावा का?
— शिक्षिका, बीड जिल्हा

वगळू नका. वगळलं की ती मुलं कागदावरून गेली, आणि कागदावरून गेलेल्या मुलासाठी कुणी काही करत नाही. पण एकत्रही दाखवू नका. दोन ओळी करा. पहिली, वर्षभर हजर चार मुलं. दुसरी, हंगामात स्थलांतरित तीन मुलं, आणि त्यांच्यापुढे शाळेत हजर दिवस. मूल २०० पैकी ९० दिवस शाळेत असेल तर त्याची प्रगती ९० दिवसांच्या मापाने पाहायला हवी. केंद्रप्रमुखांना द्यायचं कारण त्या दुसऱ्या ओळीतच लिहिलेलं असेल.

आधीची खटपट मात्र दसऱ्याच्या आत करायची असते. कुठलं कुटुंब जाणार हे सप्टेंबरमध्येच कळतं, कारण मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) तेव्हाच घेतलेली असते. मुकादमाला नाही, मुलांनाच विचारा, ती खरं सांगतात. गावात आजी किंवा चुलती असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावासह वेळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला हवा. टोळी निघाल्यावर पाठवलेल्या प्रस्तावाला मंजुरी येईपर्यंत मूल फडात पोचलेलं असतं. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून द्या. त्यावर नुसती इयत्ता लिहू नका. 'जोडाक्षरविरहित वाचन येतं, हातच्याची बेरीज येते, वजाबाकी सुरू करायची आहे' असं लिहिलं तरच कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला कुठून सुरू करायचं ते कळेल. दाखल्यावाचून त्या शाळेने प्रवेश नाकारला तर ते कायद्याविरुद्ध आहे; शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

परत आल्यावर मुलाला थेट चालू पाठावर बसवलं की ते महिनाभर नुसतं बसून राहतं. पहिल्या दोन दिवसांत वर सांगितलेली वाचन-गणिताची तपासणी करा आणि पातळीप्रमाणे गटात बसवा. दोन-तीन इयत्ता एका खोलीत असण्याचा हा एक फायदा लहान शाळेला आहे. तिसरीतलं मूल दुसरीच्या गटात बसलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

धडगाव भागातल्या शाळेत पहिलीत येणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या घरी पावरी बोलतात. ती पहिले काही महिने गप्प असतात. ही मुलं 'अप्रगत' कशी काय?
— वाचक, नंदुरबार जिल्हा

ती अप्रगत नाहीत, ती परक्या भाषेच्या वर्गात बसली आहेत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, हीच गोष्ट. शिक्षणहक्क कायदाही (कलम २९) शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा असं म्हणतो. व्यवहारात पहिले आठ-दहा आठवडे तोंडी काम मुलांच्या भाषेतच करावं लागतं: घर, शेत, जनावरं, नाती, अंगाचे अवयव असे दोन-अडीचशे शब्द दोन्ही भाषांत भिंतीवर, तेही गावातल्या बाईकडून तपासून. शिक्षकांनी पुस्तकातून उचललेली यादी बरेचदा शेजारच्या खोऱ्यातली बोली असते. गणित आधी सुरू करा, कारण खडे मोजायला मराठी लागत नाही. तोंडी परीक्षा घेताना प्रश्न पावरीत आणि उत्तर कुठल्याही भाषेत असू द्या. मुलाला 'वजाबाकी' हा शब्द येत नाही की वजाबाकी येत नाही, हे तेव्हाच उलगडतं.

गावातली निम्मी मुलं पिवळ्या व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात. तिथला निकाल चांगला आहे. याचा अर्थ आपली शाळा वाईट असाच ना?
— एक आजोबा, सातारा जिल्हा

आजोबा, व्हॅन कुणाकुणाच्या दारात थांबते ते एकदा पाहा. महिन्याची फी आणि व्हॅनचं भाडं ज्यांना झेपतं, घरी अभ्यास घेणारं कुणी आहे, त्यांची मुलं तिकडे गेली. मागे राहिली त्यांत मोलमजुरी करणाऱ्यांची मुलं जास्त, आणि पुष्कळ घरांत मुलगा व्हॅनने तर मुलगी पायी असाही हिशेब असतो. दोन शाळांच्या निकालांत शाळांइतकाच हा घरांचा फरक मिसळलेला असतो. तो वेगळा काढायचा सोपा मार्ग नाही. पहिलीत दाखल होतानाची पातळी नोंदलेली असेल तरच मुलगा किंवा मुलगी चार वर्षांत किती पुढे गेली हे सांगता येतं, आणि ती नोंद आज फार थोड्या शाळांत असते.

त्याऐवजी अंगणवाडीताईंकडून दाखलपात्र मुलांची यादी घ्या. समजा, यंदा गावात सहा वर्षांची मुलं बारा, त्यातली आपल्या शाळेत पाच. पुढच्या वर्षी दहांतली सहा. गावाचा शाळेवर किती विश्वास आहे हे आम्हाला कुठल्याही श्रेणीपेक्षा या आकड्यात जास्त दिसतं.

पट कमी म्हणून शाळा बंद होईल का? शिक्षक किती मिळायला हवेत?
— शाळा समिती सदस्य, रत्नागिरी जिल्हा

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. मात्र विसाच्या आतल्या शाळांबाबतचे राज्याचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयापासून बदलत आले आहेत. त्यामुळे जुन्या परिपत्रकावर वाद घालू नका, यंदाची संच मान्यता (शाळेला मंजूर शिक्षकांचा तक्ता) गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मागून घ्या. शाळाच नको, असा थेट आदेश दुर्मीळ असतो. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना पुढे आली तेव्हा नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही उदाहरणं दिली गेली. तसा प्रस्ताव आलाच तर पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा राज्याच्या नियमातला निकष पुढे ठेवा, आणि अंतर नकाशावर नाही, पावसाळ्यातल्या वाटेने मोजून द्या. कोकणात वहाळ ओलांडायचा असेल तर ते ठरावात लिहा.

संच मान्यतेत मुलगा मोजला जायचा तर त्याचं आधार जुळायला हवं, आणि ३० सप्टेंबरचा पट धरतात. एका मुलाच्या आधारवर जन्मतारीख वेगळी असल्याने एक शिक्षक जाऊ शकतो, म्हणून जुलैतच नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी जनरल रजिस्टरशी ताडून पाहा. पाच वर्षांनंतरचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण पाच ते सात या वयात मोफत असतं, पहिलीच्या प्रवेशाबरोबरच ते उरकून घ्या.

पटाचा पैशांवरही परिणाम होतो. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये आणि ३१ ते १०० ला २५,००० रुपये आहे. वीज बिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यातच. २९ मुलांच्या शाळेने दोन मुलं इकडून तिकडून नावाला दाखवावीत असा मोह होतो. विद्यार्थिनिहाय नोंदीत ती दोन मुलं दुसऱ्या शाळेच्या खात्यावर सापडतात आणि उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं.

शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुलं आली यावरून शाळा ठरवावी का?
— वाचक, नाशिक

नाही. ही परीक्षा काही वर्षं पाचवी-आठवीला होती, तेव्हा चौथीपर्यंतच्या शाळेचं खातं कोरंच दिसायचं. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला, म्हणून आता शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचे बोर्ड पुन्हा दिसू लागतील. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, त्यात गणित आणि बुद्धिमत्ता मिळून २००. सराव केलेल्या दोन हुशार मुलांचा हा निकाल असतो. बोर्डावर त्यांचे फोटो असतात. त्याच वर्गातली उरलेली तीन मुलं काय वाचतात, ते विचारून या.